फाट्यापरेंतची मालकी

आमच्या ह्यायचं नाव शेषराव. उंद्रीत कोणालेही विचारा, शेषराव कसा माणूस हाये, तर म्हणतीन, "लाजाळूचं झाड हाये बाप्पा!" माणसानं लाजावं, पण किती लाजावं? कोणी चहाले बोलावलं का हे म्हणतीन, "आत्ताच झाला." अन् घरी येऊन मले म्हणतीन, "गोजर, चहा ठेव वो, डोकं दुखून राह्यलं." आमच्या लग्नात पंगतीत दुसऱ्यांदा भात मागाची ह्यायले लाज वाटली, म्हणून नवरदेव अर्ध्या पोटी उठला. माह्या माहेरात ही गोष्ट अजून सांगतात अन् अजून हसतात. मी पडली तापट. माह्या तोंडाले कुलूप नाही. देवानं जोडी लावतानी त्याले झोप लागली असन, दुसरं काय.

गावात ह्यायले लाज वाटत नाही असं एकच घर, अन्वरचं. अन्वरचे वडील पिंजारी होते. माह्या सासऱ्याच्या वावरातला कापूस पिंजून त्यायनं अर्ध्या गावाच्या गाद्या भरल्या. अन्वर अन् हे त्या कापसाच्या ढिगावर कोलांट्या मारत वाढले. मंग बाजारात तयार गाद्या आल्या, पिंजणाची तात खुंटीले टांगली गेली, अन् अन्वरनं एक जुनी जीप घेऊन उंद्री ते खामगाव सवारी भराले सुरुवात केली. जीपच्या समोरच्या काचेवर त्यानं आपल्या लेकीचं नाव मोठ्या लाल अक्षरात लिहून घेतलं, अलीजा. तव्हापासून साऱ्या गावाची ती जीप अलीजाच. "अलीजा गेली का?" "नाही, अलीजा अजून फाट्यावर उभी हाये." अन्वरची जीप असं कोणी म्हणतच नाही.

अन् आमच्या घरी बेसनाची पाटोडी केली का अन्वरच्या नाकाले वास कसा जाते ते देव जाणे. हात-पाय धुऊन सरळ आत यायचा, चुलीपाशी भिंतीले टेकून बसायचा, अन् म्हणायचा, "भाबी, रस्सा तिखट केला ना? नाहीतर मी घरी जातो." ती भिंतीची जागा त्याचीच. तिथं दुसरं कोणी बसलं तर मलेच चुकल्यासारखं वाटे.

आता मूळ गोष्ट ऐका. बीटी कापूस आला तव्हा पयले काही साल बरे गेले. गावात सिमेंटच्या खोल्या झाल्या, लोकायनं मोटारसायकली घेतल्या. मंग एका साली पाऊस दडी मारून बसला, दुसऱ्या साली लाल्या पडला. सारं वावर लालेलाल, बोंडं सुपारीएवढीच राह्यली. माणूस तेही सोसते वो. पण आमचा राजकुमार लग्नाचा झाला होता, अन् वावरवाल्या पोराले पोरगी द्याले कोणी तयार नाही. सोता कापूस पेरणारे बाप आमच्या ओसरीवर बसून विचारत, "पोराले नोकरी कुठी हाये?" मले असा राग ये! म्हणलं, तुमच्या बापाले होती का नोकरी? पण पाहुण्याले असं बोलता येते का? चहा द्याचा अन् वाटे लावाचं.

तव्हापासून आमच्या घरात गाडीचं पुराण सुरू झालं. राजकुमार म्हणे, "बाबा, पिकअप घेऊ, छोटा ट्रक. आपला कापूस जिनिंगले नेऊ, लोकायचाही नेऊ. गाडी सोताचं पोट सोता भरन." हे म्हणत, "नाही, घ्याची तर जीप." मी विचारलं, "काऊन? जीपमधी कापूस मावते का?" तर म्हणाले, "गोजर, ट्रकवाल्याले लोक डायवर म्हणतात. जीपवाल्याले मालक म्हणतात." बाप्पा! जन्मभर दुसऱ्यांदा भात न मागणारा माणूस, अन् त्याले मालक व्हाची हौस! मी हसली. हसाले नव्हतं पायजे. पोराले नकार ऐकून ऐकून त्यायचा जीव आतून कसा होऊन राह्यला होता, ते मले तव्हा दिसलं नाही.

हे खामगावले जुन्या गाड्या पाहाले जात. संगं अन्वर. अन्वर गाडीखाली झोपून पाहाचा, इंजिनाले कान लावाचा. हे आपले चाकाले पायानं टोकरत अन् माघारी येत. भाव विचाराचीही लाज. येतानी अन्वर समजवाचा, "शेषराव, माणसं वाहाची गाडी घेऊ नको बे. कापूस गपचूप बसते. माणसं बसल्याबरोबर कुरकुर करतात." हे ऐकून घेत अन् घरी येऊन पुन्हा जीपच म्हणत.

असा घोळ चालू असतानी नारायणरावनं स्थळ आणलं. नारायणराव म्हणजे आमच्या गावचे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, जुळवाजुळवीचा त्यायले नाद. पिंपळगाव राजा गावचे कारभारी आडनावाचे एक जण, त्यायची पोरगी राखी, बारावी झालेली. आम्ही पाहून आलो. पोरगी गोड होती, बोलाले मोकळी. राजकुमार तिथून आल्यापासून आरशापुढून हलेना. मले म्हणे, "आई, ही झाली तर पाय, नाहीतर मले पुन्हा कुठी नेऊ नको." पोराच्या तोंडावर किती दिसायनं उजेड दिसला होता! आता फक्त कारभारी घर पाहाले याचे राह्यले होते.

अन् घर पाहाले याच्या आदल्या दिवशी नारायणराव ओसरीवर बसून म्हणाले, "शेषराव, मी एक सांगून बसलो. तुमच्याकडं जीप हाये म्हणून."

ह्यायचं तोंड पांढरं पडलं.

"घ्यायचीच हाये ना तुम्हाले? आज ना उद्या येणारच," नारायणराव म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. एका दुपारचा तर सवाल हाये. अन्वरची जीप उभी करा दारात."

मी आतून ओरडली, "घरात नाही दाणा अन् मले बाजीराव म्हणा! मास्तर, तुम्ही पोरायले हेच शिकवलं का?" पण राजकुमार उंबऱ्यात उभा होता. तो फक्त बापाकडं पाहात राह्यला. त्या पाहण्यापुढं हे हरले. जो माणूस चहाले खोटं बोले तेही लाजेपायी, तो उठला अन् अन्वरच्या घरी गेला.

अन्वरनं एका शब्दानं नाही म्हणलं नाही. "पोट्ट्याचं लगन हाये बे, माही गाडी काय अन् तुही काय." सकाळीच जीप धुऊन चकचक करून दारात आणली. अडचण एकच होती, त्या काचेवरच्या नावाची. शेषराव पाटलाच्या जीपवर अलीजा नाव कसं चालन? नारायणरावनं बाजारातून एक मोठं स्टिकर आणलं होतं, बैलजोडीचं, खाली 'शेतकरी राजा' लिहिलेलं. ते कोणी लावावं? हे खाली पाहात उभे. राजकुमार खाली पाहात उभा. शेवटी अन्वरनंच ते घेतलं, अन् आपल्या हातानं आपल्या लेकीच्या नावावर चिकटवलं. वरून तळहातानं दाबून दाबून बसवलं, कोपरा उचलू नये म्हणून. मले तर पाहावलं नाही. मी आत जाऊन पुरण वाटत बसली अन् पाटा आपटत राह्यली.

दुपारी पाहुणे आले. कारभारी उंच, मिशीवाले, कमी बोलणारे. संगं त्यायची बहीण केसरबाई. वावर पाह्यलं, विहीर पाह्यली, अन् दारात येऊन जीपभोवती एक चक्कर मारली. अन्वर फडक्यानं आरसा पुसत होता.

"डायवर ठेवला वाटते," कारभारी म्हणाले.

मले वाटलं हे आता म्हणतीन, हा माहा दोस्त हाये. तेवढं म्हणलं असतं तरी खोट्यात थोडं खरं राह्यलं असतं. पण हे म्हणाले, "हाव. जुनाच माणूस हाये."

अन्वरनं मान वर केली नाही. आरसा पुसतच राह्यला.

मंग जेवणाची वेळ झाली. पुरणपोळी, कढी, भजे, अन् पाटोडीचा रस्सा. पाट मांडले, पाहुणे बसले. अन्वर बिचारा इतक्या वर्षाच्या सवयीनं हात-पाय धुऊन आत आला, अन् आपल्या भिंतीकडं निघाला. केसरबाईनं भुवई वर करून भावाकडं पाह्यलं. अन् आमचे हे बोलले. मी ते शब्द मरेपरेंत विसरणार नाही. "अन्वर, तू मांगून जेव. गाडीपाशी बस जरा."

माह्या हातातली कढीची पळी थांबली. अन्वर "जी मालक" म्हणून बाहेर गेला. मालक! ज्याले लहानपणापासून बे-बे करत आला त्याले. अन् ऐका, त्या दिवशी आमच्या ह्यायनं पंगतीत भात मागून घेतला. मोठ्या आवाजात. "गोजर, भात आण इकडं! इवायले वाढ, मलेही वाढ!" उसनं अवसान आणलेला माणूस कसा असते ते मी त्या दिवशी पाह्यलं. माह्या मनात आलं, ताट उचलून डोक्यावर पालथं करावं.

मी अन्वरचं ताट बाहेर निंबाखाली नेलं. जीपच्या पायरीवर बसला होता. मले पाहून हसला. "भाबी, डायवरचं जेवण चांगलं असते की. कोणी बोलत नाही, निवांत." रस्सा मी मुद्दाम तिखट केला होता. तो पूर्ण जेवला, ताट सोता धुतलं. हे मंग मले म्हणत, "मुसलमान म्हणून नाही बसवलं गोजर मी त्याले बाहेर, डायवर म्हणून बसवलं." मले त्यात काही फरक दिसला नाही. बाहेर तो बाहेरच.

कारभारीले घर पसंत पडलं. सुपारी फोडाची गोष्ट निघाली. नारायणरावच्या मिशा नव्हत्या, नाहीतर त्यायले पीळ दिला असता. मंग कारभारी उठले अन् म्हणाले, "चला, आता गाडी हायेच, तर खामगावपरेंत सोडून द्या." केसरबाई मले म्हणाल्या, "इहीनबाई, तुम्हीही चला फाट्यापरेंत." मी बसली. हे समोर अन्वरच्या बाजूले बसले, मालकाच्या जागेवर, दांडा धरून. मांगं आम्ही सारे. राजकुमार दारात हात जोडून उभा होता अन् हसत होता.

आता उंद्रीच्या फाट्यावर काय असते ते कोणालेही ठाऊक. खामगावले जाणारे लोक पिंपळाखाली उभे असतात, अलीजाची वाट पाहात. हे आमच्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मास्तरच्या नाही, ह्यायच्या नाही, अन्वरच्याही नाही. पुष्पाबाई भाजीवाली टोपली घेऊन उभी होती. तिनं हात दाखवला. अन् अन्वरचा पाय ब्रेकवर गेला. किती साल तो पाय हात पाहून दबत आला, त्याले काय माहीत आज मालक बसला हाये!

जीप थांबली. पुष्पाबाईनं टोपली केसरबाईच्या मांडीजवळ टेकवली. "सरका वो बाई थोडं." अन् समोर काचेकडं पाहून तिनं तोंडाले पदर लावला. "अवो माय! अन्वरभाऊ, अलीजाचं नाव कुठी गेलं? गाडी इकली का काय?"

नारायणराव खोकले. कारभारी पुष्पाबाईकडं पाहात, मंग अन्वरकडं, मंग ह्यायच्या पाठीकडं. भुई फाटन तर मी त्या टोपलीसकट आत जाईन असं वाटलं.

अन्वर समोर पाहात म्हणाला, "हाव पुष्पाबाई, इकली. शेषराव मालकायनं घेतली. मी आता त्यायच्याकडं नोकरीले हावो."

किती सहज बोलला! त्याच्या एका बोलण्यानं सारं झाकलं गेलं असतं. कारभारीचे खांदे सैल झालेही होते. नारायणराव म्हणाले, "चला, चला, उशीर होते." पण आमचे हे दांडा सोडून खाली उतरले. मले वाटलं ह्यायले भोवळ आली. ते जीपच्या समोर गेले, अन् नखानं ते स्टिकर खरवडाले लागले. अन्वरनं असं दाबून बसवलं होतं का ते निघेना. तुकडा तुकडा निघे. बैलाचं शिंग निघालं, मंग राजाचा रा निघाला. साऱ्या फाट्यावरचे लोक पाहात होते. जो माणूस लोकायसमोर शिंकाले लाजते, तो भर रस्त्यात काच खरवडत होता अन् त्याच्या डोळ्यातून पाणी गळत होतं.

अन्वर उतरला. "शेषराव, काय करतं बे? पोट्ट्याचा विचार कर!"

"तूच करून राह्यला ना साऱ्यायचा विचार," हे म्हणाले. मंग कारभारीपुढं येऊन हात जोडले. "पाहुणे, गाडी याची हाये. मी कोणाचा मालक नाही. हा माहा डायवरही नाही. लहानपणापासून माह्या चुलीपाशी जेवणारा माणूस हाये हा. आज मी त्याले बाहेर बसवलं."

कारभारी हळूहळू खाली उतरले. मले वाटलं आता शिव्या देतीन. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते शांतपणानं म्हणाले, "शेषराव, गाडी नाही हे मी एक वेळ सोसलं असतं. माह्याही दारात नाही. पण लहानपणचा दोस्त, त्याचीच गाडी मागून आणता अन् त्यालेच दाराबाहेर जेवाले बसवता. उद्या काही अडचण आली का माह्या लेकीले कुठी बसवसान?"

ह्यायनं जोडलेले हात खाली घेतले.

कारभारी अन्वरकडं वळले. "अन्वरभाऊ, खामगावले सोडता का? सवारी म्हणून." अन् त्यायनं खिशातून भाडं काढून आधीच त्याच्या हातावर ठेवलं. जीप गेली. काचेवर अर्धं नाव दिसत होतं, अर्ध्यावर बैलाचे पाय.

आम्ही दोघं फाट्यावरून पायी निघालो. हे बोलले ते घराजवळ आल्यावर. "गोजर, तो बाहेर होता अन् माह्या गळ्याखाली घास उतरला वो. दुसऱ्यांदा भात घेतला मी."

राजकुमार बापाशी दिवाळीपरेंत बोलला नाही. तो म्हणे, "खोटं बोलले त्याचं काही नाही. खरं काऊन बोलले?" पोराचंही खरंच होतं. राखीचं पुढच्या साली दुसरीकडं लगन झालं. आमच्या राजकुमारचंही मंग झालं, जालन्याकडची पोरगी भेटली, पण राखीच्या गावचं नाव निघालं का तो अजून उठून बाहेर जाते.

अन्वर? तो दुसऱ्याच दिवशी आला. मी विचारलं, "लागलं का रे तुले?" म्हणाला, "लागलं ना भाबी. कसं नाही लागणार? पण मी रुसलो तर हा मरून जाईन. लाजेनंच मरन." अन् आपल्या भिंतीले टेकून बसला. पण आता आमच्या ह्यायले त्याच्यासमोर घास जाईना. रोज काही ना काही बहाणा. सवारीच्या जीपमधीही ते समोर बसत नसत, मांगं शेवटच्या फळीवर, कोंबड्या-टोपल्यायमधी बसत.

मंग एका बऱ्या साली कापूस नीट झाला अन् गाडीचा विषय पुन्हा निघाला. राजकुमार काही म्हणाच्या आधी हेच म्हणाले, "पिकअप घे. माल वाहाची गाडी घे. जीप नको घरात." अन्वरच खामगावहून पिकअप चालवत घेऊन आला. दारात नारळ फोडला, मी पुरणाचा सैंपाक केला, पाटोडी केली. पाट मांडले. पाहुणे बसले, अन्वरले मी भिंतीपाशी बसवलं. पाह्यलं तर ह्यायचा पाट रिकामा.

हे ताट घेऊन बाहेर निंबाखाली, पिकअपच्या चाकाजवळ बसले होते. एकटेच. मी दारातून म्हणलं, "अवो, काय तमाशा हाये? आत या." म्हणाले, "साऱ्यायचं होऊ दे. मी मांगून जेवतो." मान वर नाही.

माह्या मांगून अन्वर आपलं भरलेलं ताट घेऊन उठला. माह्या अंगावरून बाहेर गेला अन् चाकाजवळ जाऊन उभा राह्यला.

"सरक बे," तो म्हणाला.

हे सरकले. दोघं मातीत बसून जेवाले लागले. कोणी कोणाकडं पाहात नव्हतं. मंग अन्वरनं ह्यायच्या ताटात पाह्यलं अन् मले हाक मारली, "भाबी, भात आण इकडं. याचा सरला हाये, अन् हा काही मागणार नाही."